मदत हवी आहे: मसल स्टिम्युलेटर लावूनही मांडी हलत नाही

सोनचाफा२
दादाचे दोन्ही पाय पॅरालाइज्ड आहेत. मांड्या आटत चालल्यात म्हणून मसल स्टिम्युलेटर आणलं. व्हिडिओत दाखवतात तिथेच पॅड लावले, मांडीवर पुढून एक वर, एक गुडघ्याच्या जरा वर. इंटेन्सिटी शेवटच्या टोकाला नेली तरी मांडी ढिम्म. साधी फडफडसुद्धा नाही. मशीन बिघडलेलं नाही, कारण तेच पॅड माझ्या हाताला लावले की निम्म्यावरच माझी बोटं आपोआप मुडपतात. पॅड नवे, बॅटरी भरलेली, सगळे मोड फिरवून झाले.
कोणता मोड आणि किती फ्रिक्वेन्सी, एवढंच नेमकं सांगा. "डॉक्टरांना विचारा" असं कृपया लिहू नका. विचारलंय. "करून बघा, नुकसान काही नाही" असं म्हणाले.

खरबूज
मी जिमनंतर ईएमएस (करंटने स्नायू आकुंचवणारं मशीन) वापरतो. ८० हर्ट्झ ठेवा आणि पॅड ओले करून लावा. कोरड्या कातडीतून करंट जातच नाही. तरी नाही झालं तर जास्त ताकदीचं मशीन घ्या, स्वस्तातली खेळणी असतात.

निशिगंध_
बीपीमुळे झालं का? कोणती बाजू गेली? आमच्या बाबांना पक्षाघातानंतर पाऊल उचलता येत नव्हतं, बोटं जमिनीला घासायची. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला नस असते, तिथे पॅड लावून टाचेखाली बटण दिलं होतं. टाच उचलली की करंट सुरू, पाऊल वर. त्यांचे फिजिओ म्हणाले ही युक्ती १९६१ची आहे, लिबरसन नावाच्या डॉक्टरांची. तुम्ही मांडी सोडा, पावलापासून सुरुवात करा.

सोनचाफा२
बीपी नाही हो, पक्षाघातही नाही. अपघात झाला होता. पाऊल उचलायचा प्रश्नच नाही, तो व्हीलचेअरवर असतो. मोड सांगा ना कुणीतरी.

दोन_चाकं
मी स्वतः टी४ पॅराप्लेजिक, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला इजा आणि दोन्ही पाय गेलेले. आधी थांबा आणि हे वाचा. मणक्याची इजा टी६ किंवा त्याच्या वर असेल तर पायाला करंट दिल्यावर बीपी एकदम चढू शकतं, डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम. तसं झालं तर पॅड काढा, ताठ बसवा, पट्टे-कपडे सैल करा आणि लघवीची नळी कुठे मुडपली आहे का ते बघा. बीपी खाली येत नसेल तर सरळ इमर्जन्सी. हे कुणीच सांगत नाही म्हणून मी प्रत्येक धाग्यावर लिहितो.
आता तुमचं उत्तर: मांडी सुटी हलवण्यात अर्थ नाही, एफईएस सायकल करा, म्हणजे करंटने स्नायू हलवून चालवायची सायकल. पुढची मांडी, मागची मांडी आणि कुल्ले असे आलटून पालटून पेटतात आणि पेडल फिरतं. २०१६ साली झ्युरिकला सायबॅथलॉनमध्ये (यंत्रांच्या मदतीने अपंगांच्या स्पर्धा) यावर शर्यतसुद्धा झाली होती. मला सायकलने मांड्या परत मिळाल्या, रात्रीचे आचकेही कमी झाले.

जुनी_फिजिओ
चार उत्तरं आली आणि पेशंटला काय झालंय हे अजून कुणालाच माहीत नाही.
सोनचाफा, इजा नेमकी कोणत्या मणक्याला? कधी झाली? पाय कडक आहेत, आचके येतात, की सैल, लुळे? पलंगाच्या कडेला बसवून पाय लोंबता ठेवा आणि गुडघ्याच्या वाटीखाली टिचकी मारा. पाय उडतो का? मशीनच्या मागच्या लेबलवर काय काय लिहिलंय तेही टाका.
खरबूज, ज्याला पायाची जाणीव नाही त्याला "वाढवा" हा सल्ला देऊ नका. तुम्हाला चटका बसला की तुम्ही हात मागे घेता. त्याला कळणारच नाही.

खरबूज
पॅड ओले करा म्हणालो, चटके द्या नाही म्हणालो. इथे मदत करायला गेलं की हे ऐकून घ्यायचं.

सोनचाफा२
एल१ (कमरेचा पहिला मणका) फ्रॅक्चर, ऑपरेशन करून रॉड टाकलेत. वर्ष उलटून गेलं. पाय पूर्ण सैल, आचके कधीच नाहीत. (आम्हाला सांगितलं होतं की आचके नाहीत हे चांगलं लक्षण आहे.) टिचकी मारून बघितली, डावा हलत नाही, उजवा किंचित उडाल्यासारखा वाटतो. लेबलवर टेन्स (दुखणं कमी करायचा मोड) आणि ईएमएस दोन्ही लिहिलंय, पल्स विड्थ (एक झटका किती वेळ टिकतो ते) ५० ते २५० मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सी १ ते १५०.
आणि हो, काल फुल ठेवलं होतं तेव्हा खालच्या पॅडच्या एका कोपऱ्यापाशी नखाएवढा लाल डाग पडलाय. सकाळीही होता. मांडीचं कातडं तसं ठीक आहे.

जुनी_फिजिओ
कातडं ठीक नाही. डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागी पॅड लावू नका. बोटाने दाबा, पांढरा होऊन परत लाल होत असेल तर त्यातल्या त्यात बरं. नाही होत, किंवा फोड दिसला, तर आजच दाखवा. पॅडचा कोपरा उचलला गेला असणार. तसं झालं की सगळा करंट चिकटलेल्या तेवढ्याच जागेतून जातो.
आता मुख्य गोष्ट. तुमचं मशीन स्नायूला उठवत नाही, स्नायूकडे जाणाऱ्या नसेला उठवतं. नस चटकन जागी होते, २५० मायक्रोसेकंदांचा झटका तिला पुरतो. दोन_चाकं यांची इजा वर आहे, त्यांच्या पायाच्या नसा आणि त्या नसांच्या मज्जारज्जूतल्या पेशी शाबूत आहेत, फक्त मेंदूशी संबंध तुटलाय. म्हणून त्यांना आचके येतात आणि म्हणूनच त्यांची सायकल चालते. एल१पाशी मज्जारज्जू संपत आलेला असतो, खाली नसांचा जुडगा. तिथे मार लागला की पायाकडे जाणाऱ्या नसाच मरतात. मग पाय सैल, गुडघा उडत नाही, आचके नाहीत आणि स्नायूही फार लवकर आटतो. नस नसलेल्या स्नायूला थेट उठवायचं तर करंट त्याच्यावर टिकून राहावा लागतो, १०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. तुमच्या मशीनच्या कमाल पल्सच्या ४०० पट. मोड कोणताही लावा, ते या मशीनचं कामच नव्हे.
ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी) केलंय का कधी? आणि उजवा पाय "किंचित" म्हणजे काय?

बिनतारी
इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून सांगतो, १०० मिलिसेकंदांची पल्स काढणं अजिबात अवघड नाही. छोटा मायक्रोकंट्रोलर, एच-ब्रिज आणि बूस्ट कन्व्हर्टर. सर्किट देतो, घरी बनेल.

जुनी_फिजिओ
कृपया नको. एकाच दिशेने करंट वाहिला की पॅडखाली एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अल्कली तयार होते. ती रासायनिक भाजणूक असते आणि खोलवर जाते. पल्स जितकी लांब तितका धोका जास्त. तीही बधिर कातडीवर.

बिनतारी
म्हणूनच एच-ब्रिज म्हणालो ना, दोन्ही दिशांनी सारखा चार्ज. आधी नीट वाचा, मग नको म्हणा.

जुनी_फिजिओ
वाचलं. दोन्ही बाजू सारख्या आहेत हे रोज कोण तपासणार? एक ट्रान्झिस्टर बसला तर? पेशंट सांगू शकणार नाहीये.

बिनतारी
करंट-लिमिट आणि सिरीजमध्ये कपॅसिटर टाकला की डीसी जाणारच नाही. पण एवढं मान्य, पायाला जोडलेलं असताना मशीन चार्जिंगला कधीच लावायचं नाही. विकतचं असलं तरी.

रिकामटेकडा
अवांतर: गॅल्व्हनीने १७९१ साली बेडकाच्या तंगडीवरचा प्रबंध छापला तेव्हाही असाच वाद पेटला होता, वीज स्नायूत आहे की बाहेरून येते. आता तर मज्जारज्जूवरच इलेक्ट्रोड बसवतात, लुईव्हिल आणि लोझानमध्ये पूर्ण पॅरालिसिस झालेली माणसं आधार घेऊन उभी राहिली, चालली. मशीनबिशीन सोडा, त्याची वाट बघा.

दोन_चाकं
वाट बघा म्हणे. तोवर मांड्यांचं काय करायचं? आणि ती माणसं वॉकर धरून, महिनोन्महिने रोज ट्रेनिंग घेऊन चाललीत. शिवाय त्यांच्याही खालच्या नसा जिवंत होत्या, याच्या दादाच्या नाहीत. जुनी_फिजिओ यांचं बरोबर आहे, माझी सायकल त्यांना लागू नाही. इजा एल१ असेल तर डिसरिफ्लेक्सियाचीही भीती नाही. तरी बाकीच्यांनी ते लक्षात ठेवा.

मोगरी७
माझ्या मावशीचं तोंड वाकडं झालं होतं, बेल्स पाल्सी. तिला फिजिओने गालाला करंट दिला आणि पंधरवड्यात बरी झाली. तेव्हा धीर सोडू नका, करंटने फरक पडतो.

जुनी_फिजिओ
बेल्स पाल्सीतली बहुतेक माणसं करंट न देताही बरी होतात. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे हवं तेवढं भांडू.

सोनचाफा२
ईएमजी केलेलं नाही, कुणी सांगितलंच नाही. उजवी मांडी तो स्वतः थोडीशी ताठ करू शकतो. पाय उचलला जात नाही, पण गुडघ्याची वाटी वर सरकलेली दिसते. हे पहिल्या महिन्यांपासूनच आहे म्हणून लिहिलं नाही. मशीन फक्त डावीकडे लावतोय, तीच मांडी जास्त आटलीय ना.

निशिगंध_
अगं बाई! हे आधी सांगायचं ना.

जुनी_फिजिओ
बरं. आता उजव्या मांडीला लावून बघा. डाग नसलेली कातडी, पॅडच्या चारही कडा नीट चिकटलेल्या. मोठे पॅड घ्या. दादाला टेकून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, पायाला वजन बांधू नका. टेन्स नव्हे, ईएमएस मोड. ३५ हर्ट्झ, पल्स २५०. पाच सेकंद चालू, पंधरा ते वीस सेकंद बंद. शून्यापासून हळूहळू वाढवा आणि वाटी सरकलेली दिसली की तिथेच थांबा. पाच मिनिटं पुरे. करंटने होणारं आकुंचन इच्छेने होणाऱ्या आकुंचनासारखं नसतं, तेच ते तंतू एकाच वेळी ओढले जातात म्हणून स्नायू लवकर दमतो. दुसऱ्या मिनिटाला हालचाल कमी झाली तर बटण वाढवायचं नाही, बंद करायचं.
पेसमेकर, पायात गुठळी झाल्याचा इतिहास, यातलं काही असेल तर आधी इथे लिहा. पाठीतल्या रॉडची काळजी नको, पॅड मांडीवर आहेत.

सोनचाफा२
पेसमेकर वगैरे काही नाही, गुठळीही कधी झाली नाही.
उजवी हलली!! निम्म्याच्याही आत. वाटीच्या वरचा आतल्या बाजूचा स्नायू दोरीसारखा वर आला, दादा स्वतःच बघत बसला. चौथ्या मिनिटाला मंदावली, बंद केलं. पॅडखाली हलकी लाली होती, थोड्या वेळात गेली.
मग डावीचं काय? ती सोडून द्यायची?

खरबूज
बघा, मशीन चांगलं निघालं. माझे ८० हर्ट्झ पण ट्राय करा.

जुनी_फिजिओ
८० नको. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका स्नायू लवकर थकतो.
डावीचं आधी ईएमजी-एनसीव्ही करा. नसा अजिबात नाहीत की काही तंतू उरलेत हे त्यात कळेल. अजिबात नसतील तर दोनच वाटा. एक, लांब पल्सचं खास मशीन, मांडी झाकतील एवढे मोठे ओले इलेक्ट्रोड आणि ते काम येणाऱ्या माणसाची देखरेख. व्हिएन्नात हेल्मुट केर्न आणि सहकाऱ्यांनी अशाच पेशंटना घरी दोन वर्षं, आठवड्यातून पाच दिवस हे करायला लावलं. २०१०मध्ये निकाल छापले. मांड्या भरल्या, काही जण करंटच्या आधाराने उभेही राहिले. पण ते थांबवलं की स्नायू परत आटतो, आणि जितकी वर्षं जातात तितकी स्नायूची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. दुसरी वाट, डावीला करंटच द्यायचा नाही. रोज सांधे हलवायचे, कुल्ल्याखाली चांगली उशी ठेवायची आणि कातडी जपायची. त्यालाही मी कमी समजत नाही. घरात रोज वेळ कोण देणार, त्यावर ठरवा. आशेवर नको.

बिनतारी
त्या खास मशीनचे स्पेसिफिकेशन मिळाले तर टाका. बनवणार नाही, फक्त बघायचेत.

सोनचाफा२
ईएमजीची वेळ घेतली. दादा म्हणतोय, डावीचं नंतर बघू, उजवी रोज करू. उजवीला हळूहळू वजन बांधायचं का? शेजारचे म्हणतात वजनाशिवाय स्नायू बनत नाही.

दोन_चाकं
नका बांधू!! माझ्या ओळखीतल्या एकाचं मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं, पडला नव्हता की काही नाही. दुखलंही नाही, सूज आली तेव्हा कळलं.

जुनी_फिजिओ
पाय चालेनासे झाले की पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडं झपाट्याने पोकळ होतात, सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास. करंटने स्नायू जोरात ओढला जातो आणि पाय वजनाने अडवलेला असेल तर तो सगळा ताण त्याच हाडावर येतो. वजनाचा विचार करण्याआधी हाडांची घनता तपासा, डेक्सा स्कॅन. गुडघ्याजवळचा भागही घ्या असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नेहमीच्या डेक्सात कंबर आणि खुबा एवढंच बघतात.

सोनचाफा२
लिहून घेतलं. ईएमजीचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.