पणजी: मांडवी नदी आणि खाणीकडचा भाग, सासऱ्यांना घेऊन जायचंय. मदत हवी आहे

मंडळी, डिसेंबरात ऐरोलीहून पणजीला जायचा बेत आहे. बीच नको, कॅसिनो तर नकोच. सासरे तरुणपणी लोहखनिजाच्या बार्जवर, म्हणजे मालवाहू बोटीवर, खलाशी होते. त्यांना नदी आणि डिचोली-साखळीकडचा भाग पुन्हा बघायचाय. वरच्या धक्क्यांवर माल भरायचा आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे न्यायचा, हे त्यांचं काम. पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत. दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळपर्यंत तांबडा व्हायचा म्हणे. २०१२ ची खाणबंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ खाणपट्टे, दोन्ही बातम्या त्यांनी इथे घरात बसून वाचल्या.

आता त्यांचे गुडघे धरतात, म्हणून विचारतोय.

ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने करमळीला उतरावं असं मला वाटतं. वंदे भारत लवकर पोचवते, पण ती थिवीला थांबते आणि तिथून पुढचं टॅक्सीभाडं ऐकून बायकोचा चेहरा बघण्यासारखा होतो. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली घरं देखणी आहेत, पण तिथे राहायचं तर लाकडी जिने चढावे लागतील का? तळमजल्यावरची खोली मिळते का?

आणि मुख्य प्रश्न: नदी निवांत बघायला कुठे बसवू त्यांना? पणजीच्या धक्क्यावर संध्याकाळी क्रूझवाल्यांचे लाउडस्पीकर असतात.

प्रतिसाद:
मी मूळचा साखळीचा, आता वाशीत. काकांना पणजीजवळच्या रायबंदरला न्या आणि फेरीबोटीने चोडण बेटावर जा. बोटीला फळी उतरते, पायरी नाही. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पण तुम्ही बोटीतच बसून परत आलात तरी चालेल, नदी मधोमध मिळते. पणजी-रायबंदर रस्ता पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या बांधावरून जातो, तिथे गाडी सावकाश घ्यायला सांगा. खाणीत परवानगीशिवाय सोडत नाहीत, उगाच गेटवर वाद घालू नका. डिचोलीच्या रस्त्यावरून टाकाऊ मातीचे डोंगर दिसतात, त्यांवर झाडं उगवलीत. काकांना ते ओळखायला सांगावं लागणार नाही. कदंबाची (गोव्याची सरकारी) बस आहे, पण गुडघ्यांसाठी दिवसभराची गाडीच ठरवा, आणि भाडं आधी बोलून घ्या.