सहा खड्ड्यांवर भराव पास करायचा का?

उजळाईवाडीकर: ‘कामाच्या तपशिलात (स्पेसिफिकेशनमध्ये) भराव पास-नापास ठरवण्याचे सांख्यिकी सूत्र आहे, त्यामुळे महामार्गाच्या भरावात फसवणूक होऊच शकत नाही,’ असे काल येथे कोणीतरी ठामपणे लिहिले, आणि अनेक वर्षे साइटवर काढलेल्या मला ते वाचून गप्प बसवेना. दाबलेल्या भरावात छोटे खड्डे खणून घनता मोजतात, एक खड्डा म्हणजे एक नमुना; त्यांच्या सरासरी घनतेतून प्रमाण विचलनाची, म्हणजे मोजमापांच्या विखुरलेपणाच्या मापाची, (1.65 − 1.65/√नमुने) पट वजा केल्यावर उरणारी घनता विहित घनतेपेक्षा कमी नसावी, एवढेच ते सूत्र सांगते. सहा नमुन्यांना ही पट सुमारे 0.98 येते, म्हणजे ज्या भरावाचा जवळपास 16 टक्के भाग कमी दाबलेला आहे, तोही निम्म्या वेळा पास होतो. चोवीस नमुने घेतले, तर हाच आकडा साडेनऊ टक्क्यांपर्यंत उतरतो. ठेकेदाराची जोखीम, म्हणजे चांगले काम नापास होण्याची शक्यता, 5 टक्क्यांच्या आसपास बांधलेली आहे. नमुने कमी केले की वाढते ती रस्ता वापरणाऱ्या आपली, म्हणजे वाईट काम पास होण्याची.

शाहूपुरीकर: मी ठेकेदार आहे. तुमच्याच हिशेबाने चांगल्या कामाच्या वीस लॉटमागे (एकत्र तपासल्या जाणाऱ्या तुकड्यांमागे) एक नापास होतो, त्याचा खर्च कोण सोसतो? अमेरिकेतील काही राज्यांत 90 टक्के काम मर्यादेत असल्यास पूर्ण बिल आणि सगळेच मर्यादेत असल्यास 105 टक्के मोबदला मिळतो. इथे बक्षीस कोणी दिले आहे?

राजारामपुरीकर: खड्डा कोठे खणायचा हे कोण ठरवतो, ते आधी सांगा. मी प्रयोगशाळेत असताना एका पर्यवेक्षकाने सगळ्या जागा मधल्या पट्ट्यात चुन्याने आखून दिल्या होत्या, कडेला एकही नव्हती. मी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या आलेल्या, अंकांच्या तक्त्यावरून जागा काढल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझी साइट बदलली. पुढे उसाचा हंगाम सुरू झाला आणि ट्रॉल्यांखाली नेमकी कडच खचली.

शाहूपुरीकर: सगळ्यांना चोर ठरवू नका! माझ्या एका कामावर सल्लागाराचा माणूस टँकर गळून चिखल झालेल्या जागीच खड्डा घेत असे. तीही निवडच होती.

राजारामपुरीकर: मग तक्ता तुम्हालाही हवा आहे. जागा रोलर उठल्यावर, दोघांसमोर काढाव्यात.

उजळाईवाडीकर: बक्षीस मला पटत नाही. मात्र नमुने प्रामाणिकपणे घेतलेले आहेत असे मी धरून चाललो होतो, ही माझी चूक मान्य करतो. तरीही चोवीस हवेत, आणि तेही कडेसकट.

शाहूपुरीकर: तक्ता मान्य. बारापर्यंत येतो, चोवीस नाही. आणि चाचण्यांचा खर्च निविदेत स्वतंत्र बाब म्हणून दाखवा.