‘कॉल नेम्स’ म्हणजे नावं ठेवणं की शिव्या देणं?

कळव्याची आई:
मुलगा सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. माझं शिक्षण सगळं मराठीतून. काल त्याच्या डायरीत बाईंचा लाल शाईतला शेरा आला, ‘ही कॉल्स हिज क्लासमेट नेम्स’. खाली पालकांची सही हवी. मला आधी वाटलं, वर्गात मोठमोठ्याने हाका मारत असेल. डिक्शनरीत पाहिलं तर ‘शिव्या देणे’. पोराला समोर बसवलं. रडकुंडीला येऊन म्हणतो, “आई शप्पथ, शिवी दिलीच नाही. सगळे त्याला ढब्बू म्हणतात, मीपण म्हटलं.” आता खरं कोणाचं मानू? आपल्या ‘नावं ठेवणं’सारखंच आहे का हे? नीट कळल्याशिवाय सही करायची नाहीये.

नौपाड्यातली शिकवणी:
ताई, दोघंही खरं बोलतायत. ‘कॉल नेम्स’मध्ये शिवी असायलाच हवी असं नाही. ढब्बू, चष्मिस, काळ्या, बुटक्या, हिणवायला लावलेलं कुठलंही नाव त्यात येतं. डिक्शनरीतला अर्थ अपुरा आहे.

‘नावं ठेवणं’ मात्र वेगळं. आपण भाजीला नावं ठेवतो, सुनेच्या माहेराला ठेवतो, बहुतेक वेळा पाठीमागे. म्हणजे खोड काढणं. भाजीला कोणी ‘कॉल नेम्स’ करत नाही. त्याला समोर माणूस लागतो. जवळचा शब्द हवा तर ‘नाही नाही ते बोलणं’ किंवा ‘हिणवणं’.

वापरताना ‘नेम्स’ हे अनेकवचनच राहतं, एकदाच म्हटलं तरी. ‘ही कॉल्ड मी नेम्स’ म्हणायचं, मध्ये ‘टू’ घालायचा नाही. आणि ‘बाय नेम’ आलं की अर्थ पार उलटतो: ‘ही कॉल्ड मी बाय नेम’ म्हणजे त्याने मला नावाने हाक मारली. ‘कॉल आउट द नेम्स’ म्हणजे हजेरीसारखी नावं पुकारणं. माझी दहावीची मुलंसुद्धा इथे दरवर्षी चुकतात.

तलावपाळीचा ईस्ट इंडियन (इथला मराठी बोलणारा कॅथलिक):
याच्याच शेजारचा एक प्रयोग सांगतो, कारण त्याची गल्लत होते: ‘टेक समवन्स नेम इन व्हेन’. हा बायबलमधून आला, दहा आज्ञांतून. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस. आम्हा कॅथलिकांत ही दुसरी आज्ञा, बहुतेक प्रोटेस्टंट तिला तिसरी मोजतात. मासुंदा तलावाकाठच्या आमच्या चर्चमध्ये लहानपणी ती पाठ करताना मला कोडंच पडायचं, कारण घरात नाव घेणं म्हणजे लग्नातला उखाणा! ‘इन व्हेन’मध्ये नाव खरंच असतं, ते घेतलं जातं उथळपणे. ‘कॉल नेम्स’मध्ये खरं नाव बाजूलाच पडतं. मला विचाराल तर हे जास्त लागतं. मला शाळेत चार वर्षं ‘पाववाला’ म्हणत. हजेरीत माझं नाव आलं की मागून तोच शब्द यायचा.

कळव्याची आई:
तुमचं वाचून पोराला पुन्हा जवळ घेतलं. म्हटलं, त्या मुलाचं खरं नाव काय रे? सांगितलं लगेच. मग विचारलं, तू ढब्बू म्हणतोस तेव्हा तो काय करतो? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही आता. बाकावर तसाच ठेवतो.”

शिवी नव्हती म्हणून मी त्याला सोडणारच होते.

सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: ‘फ्रॉम टुमॉरो ही विल कॉल हिम बाय हिज नेम’. शिकवणीवाल्या ताई, ‘बाय’ बरोबर जागी आहे ना? सकाळी पावणेसातला बस येते, त्याआधी सांगा.

नौपाड्यातली शिकवणी:
अगदी बरोबर आहे. पाठवा.