पार्किन्सन्स : सिंडोपासोबत चिनी वनौषधी कुणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या सासऱ्यांसाठी मदत हवी आहे. वय ७४, राहायला लालबागला. पार्किन्सन्ससाठी सिंडोपा (म्हणजे लिवोडोपा असलेली गोळी) आणि रासाजिलिन चालू आहे. हाताच्या थरथरीपेक्षा आता पाय अडकतात त्याचा त्रास जास्त. लिफ्टच्या दाराशी आले की पाऊल उचलतच नाही, मागे लोक खोळंबतात आणि अण्णा अगदी कानकोंडे होतात. सही इतकी बारीक झालीय की बँकेत जुळत नाही. गोळीचा असर पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आधीच उतरतो.

त्यांच्या मित्राच्या मुलाने सिंगापूरहून चिनी वनौषधींच्या पुड्या आणून दिल्यात. तिएनमा आणि गोउतेंग एवढी दोन नावं वाचता आली, बाकी सगळं चिनी लिपीत. चिनी वैद्यक कंपाला शरीरातल्या वाऱ्याचा प्रकोप मानतं आणि त्यावर ही जोडी पूर्वापार देतात. आपल्या वातासारखंच असल्यामुळे अण्णांना लगेच पटलं. अभ्यासही झालेत, पण बरेचसे लहान, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हे औषध नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दिलेलं. अण्णा मात्र म्हणतात, "गोळ्या बंद करून हेच घेऊन बघू." मला धास्ती आहे ती याचीच. लिवोडोपा एकदम थांबवलं तर अंग ताठरून ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं.

शिवाय पुडीत नक्की काय आहे? माहुआंग, म्हणजे एफेड्रा, असेल तर रासाजिलिनसोबत रक्तदाब भडकू शकतो. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरीच गेली आणि कित्येकांच्या किडन्या निकामी झाल्या. झाडपाल्यात गुण नसतो असं मी म्हणत नाही. आपल्या खाजकुइलीच्या बियांत तर लिवोडोपाच असतं. पण म्हणूनच तीही डॉक्टरांना न सांगता द्यायला नको.

कुणी घरच्या पेशंटला चिनी औषध सिंडोपासोबत दिलंय का? चालण्यात फरक पडला का, भास किंवा चक्कर वाढली का? मुंबईत अशा पुड्या तपासून देणारी लॅब आहे का? पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या सपोर्ट ग्रुपला दादर-परळकडून कुणी जात असेल तर कृपया लिहा. सुनेचं नाही, पण बरोबरीच्या पेशंटचं अण्णा ऐकतील असं वाटतं.

पुड्या सध्या माझ्या कपाटात आहेत. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जाणार आहे, तिथे आणखी काय विचारायला हवं तेही सुचवा.