‘कोशर’ला मराठीत काय म्हणाल?

घडवंची
गेल्या महिन्यात मुलीकडे इस्राएलला होतो. एका दुपारी जावई उत्तरेला गॅलिलीच्या डोंगरात घेऊन गेला. ऑलिव्हच्या बागा, मध्येच एक छोटं खेडं, आणि खेड्याच्या टोकाला पत्र्याच्या मांडवात लेबनीज हॉटेल. दारावर हिब्रूत पाटी. जावयाने वाचून दाखवली: ‘काशेर, बसारी’. मी मान डोलावली, कळलं काहीच नाही.

हुमुस आलं, भाजलेल्या वांग्याचं बाबा गनुश आलं, तब्बुले, म्हणजे पार्सलीची कोशिंबीर, लोणच्यातले मुळे, मग शिगेवरचं मटण. मी लबने मागितलं, म्हणजे आपल्या चक्क्यासारखं असतं ते. वाढणाऱ्या मुलाने हसून ताहिनीची, म्हणजे तिळाच्या वाटणाची वाटी पुढे सरकवली. जेवण झाल्यावर दुधाचा चहा मागितला, तर वेलची घातलेली कोरी कॉफी आली. जावई म्हणाला, ‘‘बाबा, इथे सोवळं असतं.’’

मला तो शब्द खटकला, पण दुसरा सुचलाही नाही. तर ‘कोशर’ला, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणाऱ्या अन्नाला, मराठीत काय म्हणावं? आणि पाटीवर ‘काशेर’ होतं, मग आपण ‘कोशर’ कुठून उचललं?

शंकासुर
सोवळं चालेल की. शिवाशिव आली, भांडी वेगळी आली, कुणी काय शिजवायचं तेही आलं. अजून काय हवं?

दुसरी शंका: बसारीच्या उलट ‘हलावी’ असतं असं ऐकलंय. आपल्या हलव्याशी त्याचं नातं आहे का?

जात्यावरची
शेवटच्या शंकेपासून सुरू करते. नातं नाही. हिब्रूत ‘हालाव’ म्हणजे दूध, त्यावरून ‘हलावी’ म्हणजे दुधाचं. आताच्या बोलण्यात ते ‘खलावी’ असं ऐकू येतं. ‘बासार’ म्हणजे मांस, त्यावरून बसारी. आपला हलवा अरबी ‘हुल्व’ म्हणजे गोड, त्या घरचा. गंमत अशी, की तिकडचा हलवा तिळाचा असतो, त्यात दूध नसतं, म्हणून मटणानंतर तोच बिनधास्त खाता येतो. असं ना दुधाचं ना मांसाचं ते ‘पार्वे’. घडवंची, तुमच्यापुढे सरकवलेली ताहिनी त्यातलीच.

‘काशेर’ हा हिब्रू उच्चार, अर्थ ‘योग्य’. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या तोंडी त्याचं ‘कोशर’ झालं, तेच इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्याकडे.

आता लबने. ल-ब-न या धातूचा अर्थ पांढरा. हिब्रूत ‘लावान’ म्हणजे पांढरा. लेबनॉनचं नावही त्यावरूनच पडलं असं मानतात, डोंगरावरच्या बर्फामुळे. (मराठी बायबलात ‘लबानोन’ आहे, मला तेच जास्त आवडतं.) अरबी ‘लबन’ मात्र फिरतं: इजिप्तमध्ये मागाल तर दूध मिळेल, बैरुतमध्ये दही. म्हणजे तुम्ही जेवलात ते लेबनीज हॉटेल असं, की ज्या पांढऱ्यावरून देशाचं नाव पडलं तेच पानात चालत नाही!

याहून मोठी अडचण सांगू? लेबनीज घरांत कोकराचं मटण दह्यात शिजवतात. त्या पदार्थाचं नाव ‘लबन इम्मो’, शब्दशः ‘त्याच्या आईचं दूध’. आणि करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, तीनदा येते: ‘निर्गम’ या पुस्तकात दोनदा, ‘अनुवाद’ या पुस्तकात एकदा. दूध आणि मांस वेगळं ठेवण्याचा सगळा पसारा या एका ओळीतून वाढला. ज्या पदार्थाच्या नावातच मनाई लिहिलेली आहे, तो त्या हॉटेलात मिळणार कसा?

शंकासुर
बाप रे. मग ‘विरुद्ध आहार’ म्हणा. मासे खाल्ल्यावर दूध पिऊ नकोस, हे आमच्या आईचं रोजचं.

जात्यावरची
नको. विरुद्ध आहाराने अंगावर कोड उठेल, अशी भीती घालतात. इथे तब्येतीचा प्रश्नच नाही, आज्ञा आहे म्हणून पाळायची. ‘सोवळं’ही पुरतं बसत नाही. सोवळ्यात आधी माणूस असतो, मग स्वयंपाक. काशेर असते ती वस्तू. कोळंबी कितीही सोवळ्यात शिजवा, ती काशेर होणार नाही, कारण तिला खवले नाहीत.

घडवंची
पटलं, पण माणूस अगदीच सुटत नाही. त्या हॉटेलचा आचारी लेबनीज ख्रिस्ती. २००० सालच्या मे महिन्यात इस्राएली फौज दक्षिण लेबनॉनमधून मागे फिरली, तेव्हा तिच्या बाजूने लढलेले हजारो लोक बायकामुलांसह सीमा ओलांडून आले, त्यांतलाच हा. जावई म्हणाला, शिजवणारा ज्यू नसेल तर निदान चूल तरी ज्यू माणसाने पेटवायची. त्यासाठी देखरेखीचा माणूस सकाळी येतो, गॅस पेटवतो. आम्ही गेलो तेव्हा तो मागच्या अंगणात पार्सलीच्या जुड्या पाण्यात बुडवून पान-पान उन्हात धरून बघत होता. तब्बुलेत किडा गेला तर काशेर मोडतं. आमची आजी मेथी अशीच निवडायची, फक्त तिला कुणी पगार दिला नाही.

अष्टागरी
उशिरा आलो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचा. आमच्या पूर्वजांना गावात ‘शनिवार तेली’ म्हणत: तेलाचा घाणा, आणि शनिवारी घाणा बंद. आजी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालायची, दही कधीच नाही. तिच्या तोंडून ‘कोशर’ मी ऐकला नाही. ती म्हणायची, ‘‘हे आपल्यात चालतं, ते चालत नाही.’’ सुरमई चालते, खेकडे चालत नाहीत. तुमच्याकडे साबुदाणा उपासाला चालतो, तसंच. काशेर म्हणजे योग्य, आणि योग्यला ताटावर बसून मराठी माणूस ‘चालतं’च म्हणतो. नवा शब्द कशाला पाडायचा?

बाकी नारळाच्या ‘दुधा’वरूनही कुणी अडवू शकतं बरं का. सोळाव्या शतकातल्या पोलंडच्या एका मोठ्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बदामाच्या दुधाबद्दल लिहून ठेवलंय: मांसात घातलंत तर शेजारी बदाम ठेवा, बघणाऱ्याचा गैरसमज नको. आजीच्या चुलीपाशी करवंट्या पडलेल्याच असायच्या.

शंकासुर
‘चालतं’ला माझं मत. पण पाटीवर कसं लिहाल? ‘येथे चालणारे मटण मिळेल’?

अष्टागरी
पाटीवर काशेरच लिहा. बोलताना चालतं म्हणा.

घडवंची
काल मुलगी पुन्हा तिकडे गेली होती, तिला मुद्दाम ‘लबन इम्मो’बद्दल विचारायला सांगितलं. आचारी म्हणे आधी मोठ्याने हसला, मग मागे बघितलं, देखरेखवाला ऐकत नाही ना. मग म्हणाला, ‘‘करतो ना. रविवारी, घरी.’’