वाईतली 'आळी': अली, अळी की गल्ली?

नदीकाठ: वाईच्या सात घाटांचा माहितीफलक करायचाय. मजकूर रोमनमधून परत देवनागरीत आला आणि 'मधली आळी'ची 'मधली अली' झाली. तपासणारे म्हणतात, सरळ 'गल्ली' करा, पर्यटकांना कळेल. चालेल का?

कोशकिडा: अजिबात नाही. आळी म्हणजे ओळ, संस्कृत 'आलि'. घरांची रांग, राहणाऱ्या माणसांसकट; म्हणून तांबट आळी, कासार आळी. गल्ली ही नुसती अरुंद वाट. अनेकवचन 'आळ्या'. रंगाऱ्याकडून काना गळला की 'अळ्या', म्हणजे थेट कोबीत. मजकूर फोनवर सांगू नका, मोठ्या अक्षरात छापून द्या.

पुराणवांगं: आळी 'आळं'वरून असणार. झाडाला करतो तसं, पाणी वळवायला.

कोशकिडा: आळं गोल असतं हो. आळी सरळ.

दगडधोंडा: पाणी वळवायचं काम ढोल्या गणपतीच्या देवळानं केलंय. 1762 चं, सरदार रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी जावा म्हणून. गणपती आळीचं नाव त्याच्यावरूनच.

शुद्धलेखक: जोडून लिहिणार असाल तर 'गणपतिआळी', ति ऱ्हस्व. तोडून लिहिलंत तर दीर्घ. आणि 'मधली आळी घाट' ही फलाटावरची मराठी झाली, 'मधल्या आळीचा घाट' लिहा.

पेठकरी: फलकावर नाव मूळ रूपात हवं, नाहीतर लोक 'मधल्या आळी' शोधत फिरतील. बाकी साताऱ्यात चिमणपुरा, व्यंकटपुरा, आणि वाईत गंगापुरी, धर्मपुरी. पुरा पुल्लिंगी, पुरी स्त्रीलिंगी, हे कसं?

पुराणवांगं: नदीमुळे! कन्यागतात, म्हणजे बारा वर्षांतून एकदा गुरू कन्या राशीत आला की, गंगा कृष्णेला भेटते. म्हणून गंगापुरी.

कोशकिडा: मग धर्मपुरीत कोण भेटायला येतं? आपल्याकडे कुठल्याही नदीला गंगा म्हणतात, एवढं पुरे. रामडोह घाटाचं सोपं आहे: डोह म्हणजे पात्रातलं खोल पाणी, 'ह्रद'वरून. गाळानं भरला तरी नाव तेच.

शुद्धलेखक: आणि ब्राह्मणशाही घाट? 'शाही' तर फारसी.

पुराणवांगं: 'शाखा'चा अपभ्रंश असेल.

पेठकरी: 'ख'चा 'ह' प्राकृतात होतो, मुख-मुह. पण मग निजामशाहीपण शाखाच का?

शुद्धलेखक: फारसी वगळायचं ठरवलंत तर आधी 'मजकूर' काढा, मग 'शाही'.