कंपनी आणि पाव

'कंपनी' हा मुळात व्यापारातलाच शब्द, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. त्यातून 'कोम्पानिओ', एकत्र पाव खाणारा. म्हणजे आपल्या पंगतीतलाच माणूस की! सोबत, सोबत्यांचा घोळका, सैनिकांची तुकडी, असा या शब्दाचा अर्थ पसरत गेला. १६०० साली लंडनच्या व्यापाऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीची सनद मिळाली, तोवर शब्द चांगला मुरला होता. मला सगळ्यात भावते ती गोष्ट वेगळीच: त्याच 'पानिस'पासून पोर्तुगिजांचा पाव आला, तो आज आपल्या मिसळीच्या ताटलीत आहे. लादीतला एक पाव तोडून पुढे करत ऑफिसातला मित्र म्हणतो, "बस रे, कंपनी दे", तेव्हा तो अगदी मूळ अर्थानेच बोलत असतो.